टेंडर आठ दिवस आधी, बातमी आठ महिने आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: अक्कलकोट रोड एमआयडीसीत बावीस मशीनचं गणवेश शिवण्याचं युनिट आहे. आजवर माल व्यापाऱ्यांमार्फत जात होता, आता सरकारी पुरवठ्यात उतरायचंय. डिजिटल स्वाक्षरी घेतली, राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, म्हणजे महाटेंडर्सवर, नोंदणी झाली, केंद्राच्या खरेदी पोर्टलवर, म्हणजे जेमवर, खातं उघडलं. पण टेंडर नजरेला पडतं तेव्हा मुदतीचे आठ-दहा दिवसच उरलेले असतात आणि तेवढ्यात कागद जमत नाहीत. वर्षभरात चार टेंडरं अशी हुकली. तुम्ही विचारलंय, बाकीच्यांना आधी कसं कळतं? आतून कुणी सांगतं का?

मी गेली तेवीस वर्षं दवाखाने, वसतिगृहं आणि आश्रमशाळांना चादरी, अभ्रे, टॉवेल पुरवतोय. आतून सांगणारा कुणी नसला तरी चालतं, हे मी अनुभवाने सांगतो. जे कळायला हवं ते बहुतेक सगळं सोलापूरच्या पेपरात छापून येतं, फक्त जाहीर निविदांच्या पानावर येत नाही. निविदा छापून येते तेव्हा गोष्ट संपत आलेली असते. तिची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या पानावर, तालुक्याच्या बातम्यांत, एका कॉलमात कधीच होऊन गेलेली असते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात चार बोटं उंचीची एक बातमी आली होती. एका शासकीय मुलींच्या वसतिगृहाला लोकप्रतिनिधींनी अचानक भेट दिली. मुलींनी सांगितलं की चादरी विरल्यात, थंडीत पुरत नाहीत, दोघी-दोघी एका पांघरुणात झोपतात. अधिकाऱ्यांचं उत्तर शेवटच्या ओळीत होतं: 'प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला आहे.' वाचून मला वाईट वाटलं, माझ्याही घरी मुली आहेत. पण त्या शेवटच्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. प्रस्ताव गेला म्हणजे कुणीतरी संख्या काढली, कुणीतरी दर धरला, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर निघाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयात गेलो. तीनच गोष्टी विचारल्या. असा प्रस्ताव आहे का? तो सध्या कुठे आहे? मंजूर झाला तर खरेदी जिल्ह्यातून होणार की विभागीय कार्यालयातून? तिथल्या लिपिकांनी सरळ उत्तरं दिली, कारण त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. खरेदी जिल्ह्यातून, जेमवरून, आणि एका वसतिगृहापुरती नाही, जिल्ह्यातली सगळी धरून.

घरी येऊन मी जेमवर आधीच्या वर्षांतली तशीच बिडं, म्हणजे तिथल्या निविदा, शोधली. जुनी बिडं तिथे बघायला मिळतात, हे अनेक नवीन लोकांना ठाऊकच नसतं. त्यांत चादरीची लांबी-रुंदी, वजन, सुताचा काउंट, रंगाचा पक्केपणा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागितलेला होता. अहवालाला दोन आठवडे लागतात, कधी तीन. मी डिसेंबरातच त्या मापाची चादर विणून नमुना प्रयोगशाळेला पाठवला. फेब्रुवारीत बिड आलं, मुदत दहा दिवसांची. तशी चादर विणू शकणारे सोलापुरात माझ्यासारखे कितीतरी आहेत, पण अहवाल हातात असलेले आम्ही तिघेच निघालो. तुमची चार टेंडरं जिथे हुकली, नेमक्या त्याच जागी मला ते काम मिळालं.

आता बातमी वाचायची कशी ते सांगतो. माझी नजर सगळ्यात आधी क्रियापदावर जाते. 'उभारणार', 'प्रस्तावित', 'तत्त्वतः मान्यता', 'प्रशासकीय मान्यता', 'तांत्रिक मान्यता', 'निधी वितरित', 'कार्यारंभ आदेश' हे शब्द वाचणाऱ्याला एकसारखे वाटतात, जणू काम झालंच. आपल्यासाठी या सात वेगवेगळ्या तारखा आहेत. 'उभारणार' असेल तर ती फक्त इच्छा आहे. तत्त्वतः मान्यता मिळाली म्हणजे कुणी नाही म्हटलेलं नाही, पण पैशाचं अजून कुणी बोललेलंही नाही. प्रशासकीय मान्यता आली की रक्कम ठरली, आणि बहुतेक वेळा शासन निर्णय निघाला. इथून पुढे आपण जागं व्हायचं. तांत्रिक मान्यता मिळाली की अंदाजपत्रक पक्कं झालं, म्हणजे टेंडर दाराशी आलं. कार्यारंभ आदेशाची बातमी आली तर मुख्य काम गेलं, पण त्या ठेकेदाराला माल लागणार आहे, म्हणून ती बातमीही टाकून देऊ नका.

या टप्प्यांमध्ये वेळ किती जातो याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण कुंभारीचं रे नगर आहे. तीस हजार घरांच्या त्या वसाहतीची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ ला सोलापुरात पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला. मध्ये पाच वर्षं गेली. पायाभरणीची बातमी वाचून कुणी दारं-खिडक्यांचा माल भरून ठेवला असता तर व्याजातच बुडाला असता, आणि लोकार्पणाची बातमी वाचून धावला असता तर त्याला फाटक बंद दिसलं असतं. उजनी धरणातून सोलापूरला पाणी आणणारी समांतर जलवाहिनीही तशीच. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं, तेव्हापासून आपण या सुमारे ११० किलोमीटरच्या पाइपलाइनबद्दल वाचतोय. मध्ये एकदा ठेका रद्द झाला, पुन्हा निविदा निघाली. 'ठेका रद्द' ही बातमी लोक वैतागाने वाचतात. मला त्यात फेरनिविदा दिसते, आणि फेरनिविदेच्या वेळी अटी बऱ्याचदा बदलतात.

पेपरातली बातमी वाचून थांबू मात्र नका. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत, फुकट मिळतो. प्रत्येकाला संकेतांक असतो, खाली लेखाशीर्ष असतं, म्हणजे खर्च सरकारच्या कुठल्या खात्यातून भागवायचा त्याचा क्रमांक, आणि खरेदी कुणी, कुठल्या पद्धतीने, कुठल्या तारखेपर्यंत करायची हे बऱ्याच निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं. बातमीदाराला आकड्याशी मतलब असतो. आपल्याला 'सदर खर्च या लेखाशीर्षाखाली भागविण्यात यावा' या ओळीशी. ज्या शासन निर्णयात ती ओळ नाही, त्याच्यामागे मी धावत नाही.

आता तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ, कारण कोण विकत घेणार हे बातमीतून कसं ओळखायचं ते त्यात स्वच्छ दिसतं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेतल्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात, विद्यार्थ्यामागे ६०० रुपये. वर्षानुवर्षं हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे जायचा आणि समिती गावातून किंवा जवळच्या शहरातून गणवेश घ्यायची. २०२४-२५ मध्ये राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' आणला. कापड वरून एकत्र घ्यायचं आणि शिवणकाम महिला बचत गटांकडून करून घ्यायचं, असं ठरलं. त्या एका निर्णयाने सोलापूरच्या कितीतरी छोट्या युनिटांचा जूनचा हंगाम गेला. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, अशा बातम्या सगळ्या जिल्ह्यांतून येत राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली.

ज्याने ती डिसेंबरची बातमी नीट वाचली त्याच्या हातात सहा महिने होते. आणि इथे टेंडरची गरजच नव्हती. चाळीस पटाच्या जिल्हा परिषद शाळेचे चाळीस गुणिले सहाशे, म्हणजे चोवीस हजार रुपये होतात. एवढ्या रकमेसाठी कुणी ई-निविदा काढत नाही. समितीत पालक असतात, मुख्याध्यापक सचिव असतात, ते दोन-तीन दुकानांचे दर मागवतात आणि ठराव करतात. म्हणजे त्या वेळी तुमचं काम महाटेंडर्सवर नव्हतंच. ते उत्तर सोलापुरात, मोहोळला, अक्कलकोटला केंद्रप्रमुखांच्या बैठकीबाहेर नमुन्याची पिशवी घेऊन उभं राहण्यात होतं. बावीस मशीनच्या युनिटला अशा पन्नास शाळा म्हणजे भरपूर काम. तुम्ही तेव्हा पोर्टलवर टेंडर शोधत बसला होता आणि काम ग्रामपंचायतीच्या पारावर वाटलं जात होतं. म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न रकमेचा नको, खरेदी मुंबईतून होणार, पुण्यातून, जिल्ह्यातून की शाळेतून, हा विचारा. उत्तर मिळालं की ते काम आपल्या अंगाचं आहे की नाही ते लगेच कळतं. धोरण पुन्हा फिरू शकतं, तेव्हा दर डिसेंबर-जानेवारीत शिक्षण खात्याच्या बातम्यांवर लक्ष असू द्या.

माझं एक ठाम मत आहे. मंत्र्यांच्या घोषणेपेक्षा आंदोलनाची बातमी जास्त कामाची असते. 'सफाई कामगारांना दोन वर्षांपासून गणवेश नाही, संघटनेचं धरणं' अशी बातमी आली की त्यात गरज कागदोपत्री सिद्ध झालेली असते. संख्या माहीत असते, कारण आस्थापनेवर किती कर्मचारी आहेत हे ठरलेलं असतं. आणि प्रशासनावर दबावही असतो. दोन दिवसांनी 'लेखी आश्वासनानंतर आंदोलन मागे' अशी बातमी येते. त्या लेखी आश्वासनात तारीख असते. ती तारीख वहीत लिहा. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांच्या आणि न्यायालयाच्या आदेशांच्या बातम्याही याच जातीच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आलं. न्यायालयाने 'अमुक मुदतीत सुविधा द्या' म्हटलं, की कार्यालयाला निधी शोधावाच लागतो.

वर्षाचं चक्र एकदा डोक्यात बसलं की बातम्या आपोआप जागेवर बसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये केंद्राचं, राज्याचं, महापालिकेचं आणि जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक येतं. बातम्या एकूण कोटींच्या असतात, आपण आपल्या खात्याची ओळ काढायची. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीची बैठक होते. त्या बैठकीनंतरचे दोन दिवस सगळे स्थानिक पेपर घ्या, कारण कुठल्या खात्याला किती मिळालं ते तेव्हाच तपशिलात येतं, आणि 'निधी अखर्चित, पालकमंत्र्यांनी झापलं' ही ओळही तिथेच सापडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखाद्या खात्याचा निधी अखर्चित असल्याची बातमी आली तर जानेवारी ते मार्च त्या खात्यात खरेदीची घाई होणार हे धरून चाला. पावसाळी अधिवेशनातल्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्याही बघा. वारीचं तर सांगायलाच नको. आषाढीची मंदिर समितीची, नगरपरिषदेची, जिल्हा प्रशासनाची तयारी महिनोन्महिने आधी बैठकांच्या बातम्यांतून दिसू लागते. मंडप, शौचालयं, पाणी, बॅरिकेडिंग, प्रकाशयोजना, आरोग्य पथकांचं साहित्य सगळं त्यात असतं. आषाढी संपली की कार्तिकी, माघी, चैत्री आहेतच.

आचारसंहितेचं भान मात्र ठेवा. २०२४ मध्ये लोकसभेची १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा आधीच्या दहा-पंधरा दिवसांत मान्यता आणि आदेशांचा पाऊस पडला, आणि मग आचारसंहिता संपेपर्यंत नवीन काहीच निघालं नाही. निवडणुकीची चाहूल लागली की कागद आधीच तयार हवेत.

संकटाच्या बातम्यांबद्दल जरा थांबून लिहावंसं वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना कोपली. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली गावं पाण्यात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले, तुमच्या युनिटपासून ते ठिकाण लांब नसणार. अशा बातमीकडे धंदा म्हणून बघायला मन घेत नाही आणि घेऊही नये. पण पुरानंतर शाळांच्या सतरंज्या, अंगणवाड्यांची भांडी, दवाखान्यांच्या गाद्या, पाणीपुरवठ्याचे पंप, वाहून गेलेल्या मोऱ्या हे सगळं कुणीतरी परत उभं करणारच आहे. ते काम सात दिवसांच्या अल्प मुदतीच्या निविदेने निघतं, आणि जवळचा, खात्रीचा माणूस तयार नसेल तर लांबचा कुणीतरी येऊन हलका माल टाकून जातो. आपण तयार राहणं ही त्या गावांचीही गरज आहे. एकच पथ्य मी पाळतो: त्या काळात नेहमीच्या दरावर एक रुपयाही चढवत नाही. अधिकारी बदलून जातात, पण कोणत्या पुरवठादाराने पुरात कसा माल दिला हे गावं विसरत नाहीत.

केंद्राची कार्यालयं आपल्याकडचे लोक उगाच टाळतात. मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग इथेच आहे, त्याच्या निविदा आयआरईपीएस या रेल्वेच्या खरेदी पोर्टलवर येतात. फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची केंद्राकडची नोंदणी, असलेल्या उत्पादकाला बयाणा रक्कम भरावी लागत नाही. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा आला आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर त्या दराला उतरून तुम्हाला पुरवठ्याचा वाटा मिळू शकतो. शिवाय ३५८ वस्तू फक्त याच उद्योगांसाठी राखीव आहेत. ती यादी एकदा शांतपणे वाचा. हे सगळं उत्पादकासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही, म्हणून उद्यममध्ये तुमची नोंद 'उत्पादन' अशीच आहे ना, ते आजच तपासा. त्यामुळे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या पत्रकार परिषदेची बातमी मी महापालिकेच्या बातमीइतक्याच बारकाईने वाचतो.

कुठे जाऊ नये हेही बातमीच सांगते, आणि हे शिकायला मला सगळ्यात जास्त पैसे मोजावे लागले. सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाची बातमी वाचली. खाटांचा आकडा होता, फोटो होता. मी हिशेब केला की खाटेमागे सहा चादरी तरी लागणारच, आणि बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर सूत उचलून तीन हजार चादरी विणून ठेवल्या. खरेदी झाली ती राज्य पातळीवरच्या दर करारातून. त्या दवाखान्याच्या कार्यालयाला एक अभ्राही स्वतः घ्यायचा अधिकार नव्हता. चौदा महिने माल गोदामात पडला, व्याज चालू राहिलं, शेवटी व्यापाऱ्याला तोट्यात दिला. चूक माझी होती, कारण मी खाटा मोजल्या, पण खरेदी कोण करणार हे विचारलं नाही. तेव्हापासून बातमीवर मी कागद तयार करतो, नमुना तयार करतो, माल तयार करत नाही. माल फक्त आदेशावर.

दुसरी गोष्ट बिलांची. 'ठेकेदारांची देयकं थकली', 'संघटनेचं काम बंद आंदोलन' अशा बातम्या गेल्या काही वर्षांत राज्यभर सारख्या येतायत, जलजीवनच्या कामांबद्दल तर फारच. त्यात तरुण मुलं अडकली आहेत, घरदार गहाण पडलंय, हे वाचवत नाही. म्हणून टेंडर भरण्याआधी त्या खात्याच्या थकबाकीच्या बातम्या शोधाच. मग कार्यालयात विचारा की निधी बीडीएसवर आलाय का, म्हणजे शासनाच्या निधी वितरण प्रणालीत प्रत्यक्ष दिसतोय का. मान्यता आहे पण बीडीएसवर निधी नाही, असं उत्तर आलं तर बिल कधी निघेल ते कुणीच सांगू शकणार नाही. पुरवठ्याच्या बाबतीत २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. हा हक्क माहीत असावा, पण नव्या माणसाने त्याच्या भरवशावर पहिलं काम घेऊ नये. पहिली दोन वर्षं अशीच कामं घ्या, ज्यांचं बिल सहा महिने थांबलं तरी कामगारांचा पगार अडणार नाही.

माझी रोजची पद्धत अगदी साधी आहे. सकाळी चहाबरोबर संचार आणि आणखी दोन पेपर, अर्धा-पाऊण तास. शेजारी दोनशे पानी रजिस्टर. एका नोंदीला एक ओळ: तारीख, बातमी काय, कार्यालय कुठलं, टप्पा कुठला, पैसा कुठल्या योजनेतून, पुन्हा कधी बघायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण बातमी विसरली जाते. दर शनिवारी मी त्या आठवड्यात 'पुन्हा बघा' म्हणून लिहिलेल्या ओळी काढतो, शासन निर्णय शोधतो, एखादा फोन करतो. शंभर नोंदींतून दहा-बाराच पुढे टेंडर होतात आणि त्यातली तीन-चार मी भरतो. एवढ्यावर माझे बारा माग वर्षभर चालतात. मोबाइलवर शब्दांचे अलर्ट लावा, पण 'निविदा' हा शब्द लावू नका, तो उशिराचा आहे. 'गणवेश', 'वसतिगृह', 'आश्रमशाळा', 'कर्मचाऱ्यांना', 'प्रशासकीय मान्यता' असे लावा. जेमवर मात्र वस्तूंची नावं इंग्रजीत असतात, तेव्हा पेपरातल्या प्रत्येक मराठी शब्दाला जेमवरचं नाव काय आहे ते एकदा शोधून रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

'आतून कुणी सांगतं का' याचं उत्तर टाळायचं नाही. काही ठिकाणी सांगतात, आणि काही ठिकाणी अटीच एखाद्याच्या मापाने शिवलेल्या असतात, हे मी पाहिलंय. त्यावरही बातमी उपयोगी पडते. गरज तुम्हाला आधी कळलेली असेल तर निविदापूर्व बैठकीला तुम्ही तयारीने जाता आणि लेखी विचारता की ही उलाढालीची अट एवढी मोठी का, हा एकाच कंपनीकडे असलेला कापडाचा प्रकार का. दोनदा माझ्या अशा पत्रावर शुद्धिपत्रक निघालंय. अंदाजपत्रक उघड होण्याआधी कुणाकडून मागू नका, कुणी दिलं तरी घेऊ नका. कुठल्या टप्प्यावर फाईल आहे हे विचारणं हा तुमचा हक्क आहे. दर विचारणं हा गुन्ह्याचा रस्ता आहे. जुने दर हवे असतील तर पोर्टलवर निकाल असतात, नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांत.

शेवटी तुमचा लगेचचा प्रश्न: सध्या एका महामंडळाचं कर्मचारी गणवेशाचं टेंडर उघडं आहे, सहा दिवस राहिलेत, भरावं का? तुमच्याकडे कापडाचा तपासणी अहवाल नाही आणि तीन वर्षांच्या उलाढालीचं सीएचं प्रमाणपत्र तयार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग भरू नका, तांत्रिक छाननीतच बाद व्हाल. पण सगळी कागदपत्रं आजच उतरवून घ्या, मुदत संपल्यावर काही वेळा ती शोधायला त्रास होतो. त्यातलं कापडाचं स्पेसिफिकेशन घेऊन पाच मीटर कापड मिळवा, एक जोड शिवा आणि सोमवारी नमुना प्रयोगशाळेला पाठवा. महिनाभराने निकाल बघा, कुणाला किती दराने गेलं ते रजिस्टरात लिहा. आणि त्या महामंडळाच्या कर्मचारी संघटनेची बातमी कुठे दिसली तर कापून ठेवा. गणवेश ठरलेल्या मुदतीने परत द्यावेच लागतात, आणि मुदत उलटली की संघटना पेपरात बोलते.